शेजारच्या घरचं पाणी

लग्नाच्या पंगतीत बसले तरी देविदासकाकांची नजर ताटावर नसायची, मांडवामागच्या भिंतीवर असायची. वाढणारा जिलेबीचं पातेलं घेऊन समोर खोळंबलेला, आणि काका मान वाकडी करून खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग कुठवर गेली ते बघताहेत. मग शेजारच्याला हळूच सांगायचे, "झोपली हाय थे भीत. तिच्याजवय कोनी खोदू नोको बाप्पा." त्यांच्या लेखी भिंती दोनच जातीच्या, जाग्या आणि झोपलेल्या. जागी भिंत बोटाच्या पेरानं ठोकली की उत्तर देते. झोपलेली देत नाही, आणि एक दिवस काही न सांगता खाली बसते.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला, काका गेले म्हणून. बाबांनी फोन ठेवला आणि आमच्या अमरावतीच्या घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटकडे बघत उभे राहिले. तिथं आता कुणाची तरी कार उभी असते. पूर्वी काकांचा जेसीबी उभा असायचा, आणि त्याच्या पलीकडे टिनाच्या दोन खोल्यांत काका एकटे राहायचे. शांताकाकू गेलेल्या, मुलगा पुण्यात कंपनीत. सणावाराला मुलाचा फोन यायचा. तो म्हणायचा, मशीन विका आणि इकडे या. काका म्हणायचे, "हो, पाहू," आणि फोन ठेवून मशीनला ग्रीस मारायला जायचे.

खोदकामाचा त्यांचा धंदा म्हणजे ते एक मशीन. मालक तेच, चालवणारे तेच. घराचे पाये, संडासाच्या टाक्या, पाइपलाइनच्या नाल्या. इकडे तिवसा, तिकडे चांदूर रेल्वे, कधी अकोल्यापर्यंत. इतरांच्या मशीनच्या मागे देवीचं नाव असायचं. काकांच्या मशीनवर पांढऱ्या रंगात एकच शब्द होता, 'दंडवत'. घराणं महानुभाव पंथाचं, मूळ गाव रिद्धपूरजवळचं. भेटल्यावर दंडवत, निघताना दंडवत, फोनवरही दंडवत. नव्या जागेवर काम सुरू करताना मालक नारळ आणि लिंबू घेऊन पुढे यायचा, तेव्हा काका केबिनमधून उतरून बाजूला व्हायचे. "आमच्यात नाही फोडत. तुमी फोडा, मी येतोच पाच मिनिटात."

आणि ते शेजारच्या घरी जायचे, पाणी मागायला.

ही त्यांची रीत होती. ज्या घराला लागून खोदायचं, त्या घरचं पाणी प्यायल्याशिवाय जमिनीत मशीनची बकेट टाकायची नाही. घराला कुलूप असेल तर घरचे येईपर्यंत ओट्यावर बसून राहायचं. मशीन तासावर भाड्यानं असतं, त्यामुळे ठेकेदार कपाळावर हात मारायचे. काका आत जाऊन खाली बसायचे, पाणी सावकाश प्यायचे, आणि पेल्याच्या काठावरून चारी भिंती बघून घ्यायचे. मग चौकशी. या अंगाला कोण झोपते? इथं आधी विहीर होती का? म्हाताऱ्या माणसाची खाट चार दिवस तिकडच्या खोलीत घ्याल का? काळ्या मातीवरची आमची घरं. पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात फाटते. ज्या घराला भेग नाही ते घर अजून बांधून व्हायचं आहे, असं आमच्याकडे समजायचं. कुठली भेग मातीची आणि कुठली यंत्राची हे मागाहून देवालाही सांगता येत नाही. म्हणून आधी बघायचं, आणि घरच्यांच्या देखत बघायचं.

अकोल्याच्या एका कामावर प्लॉटमालकानं त्यांना मागे ओढलं होतं. म्हणाला, त्या घरचं पाणी कशाला पिता, मी बिसलरी मागवतो. काय म्हणायचं होतं ते त्यानं न बोलता बोलून दाखवलं. आपल्याकडे ही कला घरोघरी शिकवली जाते. काका म्हणाले, "भीत त्याइचीच लागून हाय ना. का तुमच्या बिसलरीची हाय?" आणि ते त्या घरात गेले. तिथं चहाही प्यायले. परत आले तेव्हा मालकानं दुसरं मशीन बोलावलेलं होतं.

आमच्या घरी ते प्रथम आले ते भांडायला. बाबा बांधकाम मजुरांच्या संघटनेचं काम करायचे. आमच्या पुढच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे असायचे; मी अक्षरं लावायला शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. शहराबाहेरच्या एका कामावर पाया खोदताना शेजारची भिंत पडून एक म्हातारा दगावला होता, त्यावर बाबांनी पत्रक काढलं. त्यात ठेकेदाराला धुतलं होतं, जागेच्या मालकाला धुतलं होतं. ते पत्रक घडी करून खिशात घालून काका दारात उभे राहिले. समोरच राहात होते, पण तोवर दंडवतापुढे ओळख नव्हती.

"भाऊ, यात मशीनवाल्याचं नाव काहून नाही?"

बाबा म्हणाले, तो हुकमाचा ताबेदार. वरून सांगतील तसं खोदणारा मजूर. त्याला कशाला चेपायचं?

"भीत हुकमानं पडली का बकेटीनं?"

बाबांनी त्यांना बसवलं आणि व्यवस्था म्हणजे काय ते समजावून सांगितलं. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तुमचं खरं असन. पन त्या म्हाताऱ्याच्या घरी जाऊन दंडवत कोनी घातला? ठेकेदारानं नाही, मालकानं नाही, न् मशीनवाला तं मजूर म्हनून सुटला." बाबांनी आईला चहा टाकायला सांगितलं. बाबांना वादात अडवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. त्या दिवसापासून रविवारचा चहा काका आमच्याकडे घेऊ लागले, आणि वाद कधी संपला नाही.

अशाच एका रविवारी त्यांनी मनातलं काढलं. उद्या आपल्या हातून असं झालं तर आपण त्या घराला काय देणार? मशीनवर बँकेचं कर्ज, घर टिनाचं. मशीनचा विमा होता, रस्त्यावरच्या अपघाताचा थर्ड पार्टीही होता. पण तो मशीन गाडी म्हणून चालत असेपर्यंतचा. बकेट जमिनीत गेली आणि कुणाची भिंत पडली, तर ते वेगळं प्रकरण. त्यासाठी वेगळा विमा लागतो, असं त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. माझ्याकडे लॅपटॉप होता म्हणून त्या शोधात मी ओढली गेले.

आम्ही अमरावतीतली कार्यालयं फिरलो. प्रत्येक ठिकाणी आधी काकांना त्यांचा स्वतःचा विमा विकायचा प्रयत्न व्हायचा. एका एजंटाला ते म्हणाले, "मी मेल्यावर पोराले काय भेटन हे सारेच सांगतेत. मी जित्ता असतानी शेजाऱ्याच्या भितीचं कोन पाहीन थे सांगा." एका बाईंनी विचारलं, आधी काही पडलंय का तुमच्या हातून? नाही म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू आम्ही भिंत पाडायचा बेत करूनच आलोत. एकानं सांगितलं, असा विमा मोठ्या कंपन्या काढतात. एका मशीनवाल्यासाठी आम्ही त्यात पडत नाही. मला राग यायचा. ज्याच्याकडे शंभर मशीनं, त्याच्यासाठी गालिचा. ज्याला एक चूकसुद्धा परवडत नाही, त्यानं पुढच्या खिडकीवर जावं. काकांना राग येत नसे. ते त्या कार्यालयाच्या भिंती बघत बसलेले असायचे.

शेवटी अकोल्यात सुमीत नावाचा तरुण एजंट भेटला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "होते काका. वेळ लागन, पन होते." कंपनीचा माणूस मशीन बघायला आला. त्यानं विचारलं, खोदकामाआधी तुम्ही सुरक्षिततेची काय काळजी घेता? काका म्हणाले, "शेजारच्या घरचं पानी पेतो." तो माणूस हसायला लागला. सुमीत हसला नाही. त्यानं अर्जात लिहिलं, 'खोदकामापूर्वी शेजारील घरांची आतून पाहणी केली जाते.'

विमा झाला त्या संध्याकाळी काका चहाला आले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून केबिनमध्ये ठेवला होता. "शांता असती तं म्हनली असती, सोताचा नाही न् लोकायचा विमा काढून आला येडा," असं म्हणून एकटेच हसले. मग म्हणाले, आता झोप लागेल. एवढी वर्षं त्यांना लागत नव्हती हे आम्हाला तेव्हा कळलं.

चांदूर रेल्वे गावातलं काम त्यानंतरचं. दुकानांच्या गाळ्यांचा पाया होता. लागूनच मंदाताई नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईचं घर. नवरा बाहेरगावी ट्रकवर, घरी त्या आणि सासू. सकाळी काका त्यांच्याकडे गेले, पाणी प्यायले. शिलाई मशीन ज्या भिंतीला लावलेलं होतं ती भिंत ठोकून पाहिली. जागी होती. काय खोदणार, किती खोल, ते सांगितलं.

दुपारी ठेकेदार आला. म्हणाला, खाली गोदाम काढायचं ठरलंय, आणखी खोल जा. काकांना उतरावंसं वाटलं होतं. ते त्यांनीच मला पुढं सांगितलं. खड्ड्याची खोली बदलली म्हणजे काम बदललं, म्हणजे पुन्हा त्या घरी जायला हवं. पण मंदाताईंच्या दारात लग्नसराईच्या ब्लाउजांसाठी बायकांची गर्दी होती. एकाच दिवशी दुसऱ्यांदा पाणी मागायला त्या बायकांतून जायचं, त्यांना लाज वाटली. "म्हनलं, काय सारखं सारखं." ते खोल गेले.

भिंत आतल्या बाजूला पडली. मंदाताई शिलाई मशीनवर होत्या. त्यांचा उजवा हात मनगटापासून चेचला गेला.

काकांनी लोकांबरोबर विटा उपसल्या, बाईंना गाडीत घातलं, आणि सुमीतला फोन केला. सुमीत तिकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. "काका, आता काही बोलू नका. दवाखान्यात जाऊ नका. माझी चूक झाली असं कोनाले म्हनू नका. कंपनीले इचारल्याबिगर कबूल केलं तं कंपनी हात वर करन. अटच हाय तशी." तो वाईट मुलगा नव्हता. तो खरं तेच सांगत होता.

मी तो नियम नंतर नीट वाचला, आणि पत्रकांवर वाढलेल्या माझ्यासारखीला तो पत्रकातल्या कुठल्याही शिवीपेक्षा नागडा वाटला. माणूस चुकला तर त्यानं पहिल्यांदा तोंड शिवावं. ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारी जाऊ नये, त्याच्या डोळ्यांत बघू नये. भरपाई हवी तर माफी मागायची नाही. हे लिहिणाऱ्यांना कायदा कळत असेल. शेजार कळत नाही.

पण पेच असा होता की गप्प बसणं काकांच्या फायद्याचं नव्हतंच. ते मंदाताईंच्या फायद्याचं होतं. कंपनीनं पैसे दिले तर हाताचं ऑपरेशन नीट होणार होतं, भिंत उभी राहणार होती. बाबांनीही तेच सांगितलं. "तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून त्या बाईचा हात पणाला लावू नका." काकांनी मान हलवली, आणि ते गप्प बसले.

ते दिवस मला आठवतात. कामं बंद होती. काका मशीनच्या केबिनमध्ये जाऊन बसायचे, इंजिन न लावता. मंदाताई अमरावतीतच दवाखान्यात होत्या, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. काका त्या रस्त्यानं जात नसत. आमच्याकडचा रविवारचा चहाही बंद झाला. आईनं दिलेला डबा घेऊन मी गेले तर म्हणाले, "ठेव माय तिथं. तोंडाले चव नाही. किती दिस झाले, कोनाच्या घरचं पानी नाही पेल्लं." तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दिवसभर इंजिनाच्या घरघरीत बसणारा हा माणूस. आमच्याकडचा चहा सोडला तर माणसं असलेल्या घरात तो बसायचा तो एवढाच. दुसऱ्याच्या घरी, पेलाभर पाण्यापुरता.

कंपनीचा पाहणी करणारा माणूस सुमीतला घेऊन चांदूर रेल्वेला येणार होता. काकांना मी स्कूटरवर घेऊन गेले. मंदाताई घरी आल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला, ओट्यावर सासूशेजारी बसलेल्या. पडलेल्या भिंतीच्या जागी ताडपत्री. त्या साहेबानं उरलेल्या भिंतींचे फोटो काढले, भेगा मोजल्या. ठेकेदार त्याच्यामागून फिरत होता आणि सांगत होता की घर जुनंच होतं, मातीनंच खाल्लेलं. साहेब लिहीत होता. मग त्यानं काकांना विचारलं, आणि विचारताना उत्तरही देऊन टाकलं. भिंतीला आधीपासून तडा होता ना?

सासू म्हणाली, "म्हंजे आमचीच भीत कच्ची होती म्हना."

कुणी तिच्याकडे बघितलं नाही. मंदाताई मान खाली घालून बसल्या होत्या. आपलीच काहीतरी चूक असावी, असं वाटायला लागलेल्या माणसासारख्या.

काका साहेबासमोरून वळले. ओट्यापाशी गेले, चप्पल काढली आणि जमिनीला हात लावून त्या दोघींना दंडवत घातला.

"भीत चांगली होती बाई तुमची. सकायी मीच ठोकून पायली होती. खोल मी गेलो. तुमाले पुसाले पायजे होतं, नाही पुसलं. चूक माही हाय."

सुमीत कपाळाला हात लावून खाली बसला. साहेबानं पेनाचं टोपण लावलं. ठेकेदाराच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी सुटका म्हणेन. सासू उठून आत गेली आणि बाहेर आलीच नाही. काका पाण्याची वाट बघत होते का, मला माहीत नाही. ते जरा वेळ उभे राहिले, मग चप्पल घालून स्कूटरपाशी आले. येताना वाटेत एकच वाक्य बोलले. "तिच्या भितीले कच्ची म्हनू देनं, हे काई झालं नाही माह्याकडून."

कंपनीनं दावा नाकारला. कारण अपेक्षित होतं, परवानगीवाचून जबाबदारी स्वीकारली. काकांनी मशीन विकलं. बँकेचं देऊन उरलं त्यात मंदाताईंचं दुसरं ऑपरेशन झालं, भिंत उभी राहिली. बोटं पूर्ण वळत नाहीत. ब्लाउज आता त्या शिवत नाहीत, फॉल लावतात. काकांचं मशीन घेतलं त्याच ठेकेदारानं. गरजू माणसाकडून घेतात तशा भावानं.

बाबांनी यावर पत्रक काढलं. ठेकेदार, कंपनी, ती अट, सगळं होतं त्यात. छापायच्या आधी काकांना वाचून दाखवलं. काका म्हणाले, "मशीनवाल्याचं नाव टाका भाऊ." बाबांनी पुष्कळ वाद घातला. मग खाली एक ओळ वाढवली, 'खोदकाम करणारे मशीनमालक : देविदास वानखडे.' ते पत्रक मी वाटलं. लोकांनी ती ओळ वाचली आणि शिव्या काकांनाच दिल्या. नाव एकट्याचंच होतं त्यात, बाकीचे नुसते हुद्दे होते.

काकांनी खोल्या सोडायचं ठरवलं. मुलगा न्यायला येणार होता. त्याच्या आदल्या आठवड्यात मी संघटनेच्या कामानं चांदूर रेल्वेला गेले. परतीची एसटी रस्त्यातल्या गर्दीत त्याच प्लॉटसमोर अडकली. काम पुन्हा सुरू झालं होतं. मशीन काकांचंच होतं. नवा पिवळा रंग मारलेला, पण मागचा 'दंडवत' रंगाखालून अजून ओळखू येत होता. केबिनमध्ये कानात हेडफोन घातलेला कुणी नवा चालवणारा होता, बकेट वर उचललेली, तो मजुरांच्या इशाऱ्याची वाट बघत असावा.

मंदाताईंच्या दारातून काका बाहेर आले. त्यांच्या हातात पितळी पेला होता, काठोकाठ भरलेला. दारात सासू उभी होती. पाणी सांडू नये म्हणून काका पाय जपून टाकत मातीच्या ढिगाऱ्यावरून खड्ड्याच्या कडेला आले आणि केबिनच्या दिशेनं त्यांनी पेला वर धरला. काहीतरी बोलत होते. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही, त्यालाही आलं नसणार. तो दुसरीकडे बघत होता.

एसटी हलली. मी मागच्या खिडकीकडे सरकले. काका तसेच उभे होते, हात वर, पेला धरून.